विश्लेषण : औषधांची ‘टक्कर’ आधीच कशी ओळखतात? प्रयोगशाळेत बनवलेले मानवी एन्झाइम काय काम करते?

दोन औषधे वेगवेगळी घेतली तर सुरक्षित, पण एकत्र घेतली तर जिवावर बेतणारी, असे का होते? अनेकदा याचे उत्तर यकृतातल्या एकाच एन्झाइममध्ये सापडते. त्याचे नाव सीवायपी३ए४. हे मानवी एन्झाइम आता जिवाणू किंवा कीटकांच्या पेशींमध्ये तयार केले जाते. नवे औषध माणसाला देण्याआधी त्यावर पारखले जाते. ही पारख का महत्त्वाची, हे समजून घेण्यासाठी एका जुन्या गोळीची गोष्ट पाहावी लागेल.

टर्फेनाडिनचे काय झाले?

टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरचे औषध. अमेरिकेत त्याला १९८५ मध्ये परवानगी मिळाली. आधीच्या गोळ्यांनी झोप यायची, याने येत नसे, म्हणून ते लोकप्रिय झाले. पण काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके अचानक धोकादायकरीत्या अनियमित होऊ लागले. त्यांतले काही जण केटोकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध किंवा एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविकही घेत होते.

पोटात गेलेले टर्फेनाडिन रक्तात पोहोचण्याआधीच सीवायपी३ए४ त्याचे दुसऱ्या पदार्थात रूपांतर करते. ॲलर्जीवर खरे काम हा दुसरा पदार्थच करतो. केटोकोनॅझोल आणि एरिथ्रोमायसिन या एन्झाइमला अडवतात. मग मूळ टर्फेनाडिन रक्तात साचते आणि हृदयाच्या पेशींमधली पोटॅशियमची वाट रोखते. अखेर १९९८ च्या सुरुवातीला हे औषध अमेरिकी बाजारातून बाहेर गेले. त्याच्यापासून शरीरात तयार होणारा तो दुसरा पदार्थ, म्हणजे फेक्सोफेनाडिन, आज स्वतंत्र औषध म्हणून विकला जातो.

सीवायपी३ए४ नेमके काय करते?

शरीरात आलेले बाहेरचे रसायन पाण्यात विरघळेल असे करून बाहेर टाकणे, हे यकृताचे एक मोठे काम. त्यासाठी ‘सायटोक्रोम पी४५०’ हे एन्झाइमांचे कुटुंब राबते. कार्बन मोनॉक्साइडशी जोडले गेल्यावर ही एन्झाइम ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात, म्हणून हे नाव. माणसात या कुटुंबाची ५७ जनुके आहेत. त्यांतले सीवायपी३ए४ सर्वाधिक कामाचे. वापरातल्या औषधांपैकी सुमारे एकतृतीयांश ते निम्म्या औषधांवर ते प्रक्रिया करते. यकृताबरोबरच ते आतड्याच्या अस्तरातही असते.

प्रयोगशाळेत ते कसे बनवतात?

या एन्झाइमचे मानवी जनुक ई. कोलाय जिवाणूत टाकले जाते, किंवा बॅक्युलोव्हायरस या विषाणूच्या मदतीने कीटकांच्या पेशींत पोहोचवले जाते. त्या पेशी मग मानवी एन्झाइम बनवू लागतात. अशा प्रथिनाला ‘रीकॉम्बिनंट’ म्हणजे पुनर्संयोजित म्हणतात. मधुमेहींचे इन्सुलिनही याच तंत्राने बनते.

मात्र इथे एक अडचण असते. सीवायपी३ए४ मोकळे तरंगत नाही, ते पेशीतल्या पटलात रुतलेले असते. शिवाय ते एकटे काम करू शकत नाही. त्याला इलेक्ट्रॉन पुरवणारे ‘रिडक्टेज’ हे जोडीदार एन्झाइम लागते. म्हणून दोन्हींची जनुके एकत्र टाकतात आणि पेशी फोडून पटलाचे तुकडेच वेगळे काढतात. हे तुकडे उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवून ठेवले जातात.

चाचणी कशी होते?

एन्झाइम, नवे औषध आणि इलेक्ट्रॉनचा स्रोत असलेले एनएडीपीएच हे रसायन एकत्र करून ३७ अंशांवर ठेवले जाते. ठरावीक मिनिटांनी नमुने काढून मूळ औषध किती उरले, हे मोजतात. दुसऱ्या चाचणीत मिडाझोलामसारखे परिचित औषध घेतात आणि नव्या औषधामुळे त्याचे विघटन मंदावते का, ते पाहतात. मंदावले, तर टर्फेनाडिनसारख्या अपघाताची शक्यता लक्षात येते.

दान केलेल्या मानवी यकृताचे नमुनेही वापरले जातात, पण त्यांत अनेक एन्झाइम एकत्र असतात. नेमके कोणते एन्झाइम जबाबदार, हे सुट्या एन्झाइमवर लवकर कळते. उंदरांच्या यकृतातली याच कुटुंबातली एन्झाइम माणसापेक्षा वेगळी असल्याने, प्राण्यांवरचे निष्कर्ष इथे दिशाभूल करू शकतात.

याचा फायदाही करून घेता येतो का?

होय. कोविडवरच्या पॅक्सलोविडमध्ये दोन औषधे आहेत. विषाणूवर काम करणाऱ्या निर्माट्रेलव्हिरचे सीवायपी३ए४ लगेच विघटन करते. म्हणून त्याच्याबरोबर या एन्झाइमला मुद्दाम रोखणारे रिटोनाव्हिर दिले जाते. त्यामुळेच सिमव्हास्टॅटिनसारखी कोलेस्टेरॉलची गोळी त्या काळात बंद ठेवावी लागते.

मग या चाचणीने सारे कळते का?

नाही. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन या एन्झाइमला अडवत नाही, उलट शरीराला ते अधिक बनवायला लावते. परिणामी गर्भनिरोधक गोळ्या लवकर विघटित होतात आणि त्यांचा भरवसा राहत नाही. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात ही बाब महत्त्वाची आहे. पण परीक्षानळीतल्या पटलाच्या तुकड्यांत जनुके नसतात, त्यामुळे हा परिणाम तिथे दिसत नाही. त्यासाठी जिवंत यकृतपेशी लागतात आणि शेवटी माणसांवरच्या चाचण्याही.

अन्नाचेही तसेच. ग्रेपफ्रूटच्या रसामुळे फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाची रक्तातली पातळी वाढते, हे १९८९ मध्ये कॅनडात योगायोगाने लक्षात आले. या रसातले घटक आतड्यातले सीवायपी३ए४ कायमचे निकामी करतात, त्यामुळे शरीराने नवे एन्झाइम बनवेपर्यंत परिणाम टिकतो. ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्र्याच्या संकरातून आलेला, आणि पपनसातही तसे घटक आढळतात.

रुग्णांनी काय करावे?

प्रयोगशाळेत कळलेला धोका औषधाच्या माहितीपत्रकात येतो, पण रुग्ण आणखी काय घेतो हे त्या पत्रकाला ठाऊक नसते. त्यामुळे नवे औषध सुरू करताना आधीच्या सगळ्या गोळ्या, काढे आणि पूरक आहार यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. चालू औषध मात्र स्वतःहून बंद करू नये.