पुसलेली फाइल आणि पंचनामा

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात आणि आसपास १९७४ ते १९९१ या काळात एकाच माणसाने दहा जणांचे खून केले. स्वतःला ‘बीटीके’ म्हणवून घेत तो पोलिसांना आणि वर्तमानपत्रांना पत्रंही पाठवत असे. तरी तपास तीस वर्षं रखडला. २००४ मध्ये त्याने पुन्हा पत्रं धाडायला सुरुवात केली आणि एका पत्रात पोलिसांनाच विचारलं, की फ्लॉपी पाठवली तर माझा माग लागेल का? उत्तर वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातीतून द्यायचं होतं. काही अडचण येणार नाही, असं उत्तर पोलिसांनी छापलं. फेब्रुवारी २००५ मध्ये तिथल्या एका टीव्ही केंद्राकडे जांभळ्या रंगाची फ्लॉपी आली.

वरवर पाहता त्या फ्लॉपीत कामाचं काही नव्हतं. पण तिच्यावर पूर्वी एक वर्ड फाइल होती आणि ती पुसलेली होती. फ्लॉपीवरची फाइल ‘डिलीट’ केली की मजकूर लगेच नाहीसा होत नाही. संगणक फक्त यादीतली तिची नोंद काढतो आणि ती जागा मोकळी समजतो. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं तरी शेत जागच्या जागीच राहतं, तसंच हे. त्या जागी नवं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर परत मिळवता येतो. त्या फाइलबरोबर तिचा मेटाडेटा, म्हणजे फाइलविषयीची माहितीही हाती लागली. त्यात ‘क्राइस्ट लुथरन चर्च’ असं संस्थेचं नाव होतं आणि शेवटचा बदल ‘डेनिस’ याने केल्याची नोंद होती. त्या चर्चच्या कार्यकारिणीचा अध्यक्ष होता डेनिस रेडर.

इथून पुढे पोलिसांनी जे केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फ्लॉपीतल्या नावावर विसंबून त्यांनी त्याला लगेच उचललं नाही. चर्चचा संगणक कोणीही वापरू शकतो. न्यायालयाच्या परवानगीने त्यांनी रेडरच्या मुलीचा जुना वैद्यकीय नमुना मिळवला आणि त्यातला डीएनए गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या डीएनएशी ताडून पाहिला. रक्ताचं नातं जुळलं, तेव्हा अटक झाली. आपल्याकडे ‘आरोपीच्या मोबाइलमध्ये चॅट सापडलं’ अशी बातमी आली की खटला संपल्यासारखीच चर्चा होते. यंत्रात काय घडलं, एवढंच यंत्र सांगतं. तेव्हा ते कोणाच्या हातात होतं, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

शिवाय सापडलेली गोष्ट जशीच्या तशी जपलीही पाहिजे. जप्त केलेला संगणक नुसता सुरू केला तरी आतल्या कितीतरी फाइलींच्या तारखा आणि वेळा बदलतात. म्हणून प्रयोगशाळेत हार्ड डिस्क ‘राइट ब्लॉकर’ला जोडतात. या उपकरणातून डिस्क वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. मग तिची बिट-न्-बिट प्रत काढतात आणि तपासणी त्या प्रतीवरच होते. मोबाइल नेटवर्कपासून तोडून ठेवावा लागतो, कारण सुरू असलेला फोन दुरूनही कोरा करता येतो.

मूळ डिस्क आणि प्रत यांत फरक नाही, याची खात्री ‘हॅश’ देतो. सगळी माहिती एका गणिती प्रक्रियेतून गेली की ठरावीक लांबीची एक खूण मिळते. एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ अंक-अक्षरांची असते. मूळ माहितीत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती पार वेगळी येते. जप्तीच्या वेळचा हॅश नोंदलेला असेल, तर पुढे कोणी काही घुसडलं की नाही, हे न्यायालयात पडताळता येतं. हे आरोपीचंही संरक्षण आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातल्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हा हॅश नोंदवायचा असतो. हे कलम येण्याआधीही, जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल वादात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं होतं, की मूळ उपकरणच न्यायालयासमोर नसेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत असं प्रमाणपत्र लागतंच. प्रमाणपत्राच्या नव्या नमुन्यात मात्र एमडी५ आणि एसएचए-१ याही पद्धतींचे पर्याय आहेत. दोन वेगवेगळ्या फाइलींना एकच हॅश येऊ शकतो, हे एमडी५ बाबत २००४ मध्ये आणि एसएचए-१ बाबत २०१७ मध्ये प्रत्यक्ष दाखवलं गेलं आहे. पंचनाम्याच्या वेळी अधिकाऱ्याने एसएचए-२५६ वरच खूण करावी, असं माझं ठाम मत आहे.

फ्लॉपीचे दिवस आता संपले. आजच्या एसएसडी डिस्क पुसलेल्या फाइलींची जागा स्वतःच रिकामी करत राहतात. मोबाइलमधली माहिती कूटबद्ध असते, तिची किल्ली नष्ट झाली की मजकूर सहसा परत मिळत नाही. त्यामुळे तपास आता एका यंत्रापुरता राहत नाही. क्लाउडवरचा बॅकअप, मोबाइल कंपनीकडचे कॉलचे तपशील आणि ज्याला संदेश पाठवला त्याचा फोन, हे सगळंच आता तपासकाच्या यादीत असतं.