प्रसूतीनंतर सेवेत परतण्याचा काळ : महाविद्यालयीन शिक्षिकांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश : प्रसूती रजा संपल्यावर सेवेत केव्हा परतावे, हा प्रश्न सामान्यतः त्या स्त्रीचा खाजगी प्रश्न मानला जातो. प्रत्यक्षात मातेचे आरोग्य, बालकाचे पोषण, घरातील संगोपनव्यवस्था आणि संस्थेचे वेळापत्रक या चार घटकांनी त्याचे उत्तर ठरते. प्रस्तुत लेखात या घटकांचे विवेचन करून तासिका तत्त्वावरील शिक्षिकांच्या स्थितीकडे लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : प्रसूती रजा, बालसंगोपन, स्तनपान, तासिका तत्त्व.

प्रस्तावना

कामावर केव्हा परतावे, याचे उत्तर आपल्याकडे बहुधा रजेच्या आदेशात शोधले जाते. रजा ज्या दिवशी संपते त्याच्या दुसऱ्या दिवशी रुजू व्हायचे, इतका तो विषय सरळ मानला जातो. परंतु रजेची मुदत हा नियमाने दिलेला अवकाश आहे. परतण्याची योग्य वेळ तीच असेल असे नाही. काहींना त्याआधी परतणे शक्य व इष्ट वाटते, तर काहींना तो अवधी अपुरा पडतो. म्हणून या निर्णयाचे घटक वेगवेगळे करून पाहणे उपयुक्त ठरेल.

कायद्याची चौकट

मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ अन्वये मुळात १२ आठवड्यांची सवेतन रजा मिळत असे. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली. आता या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. अध्यापकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १८० दिवसांची प्रसूती रजा, संपूर्ण सेवेत दोन वेळा, नमूद आहे. शिवाय अज्ञान अपत्यांसाठी कमाल ७३० दिवसांच्या बालसंगोपन रजेची तरतूद आहे. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्येच राज्य सेवेतील महिलांसाठी बालसंगोपन रजा लागू केली, ती मात्र १८० दिवसांची. यांपैकी आपल्याला कोणता नियम लागू आहे, हे गरोदरपणातच कार्यालयाकडून लेखी जाणून घेणे हिताचे.

येथे एक साधा हिशेब ध्यानात घ्यावा. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. त्यांतील जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ते सर्व आधीच वापरले, तर प्रसूतीनंतर १८ आठवडे, म्हणजे १२६ दिवस उरतात. परतण्याचा निर्णय अशा रीतीने रजेवर जाण्याच्या दिवशीच अर्धाअधिक झालेला असतो.

मातेचे आरोग्य

प्रसूतीनंतर गर्भाशय व अन्य अवयव पूर्ववत होण्यास साधारणतः सहा आठवडे लागतात. या सहा आठवड्यांत स्त्रीला कामावर ठेवण्यास कायद्यानेही मनाई आहे. आपल्या परंपरेतील बाळंतिणीचा सव्वा महिना या कालावधीच्या जवळपास येतो. परंतु सव्वा महिना सरला म्हणजे शरीर कामास सिद्ध झाले, असा अर्थ घेऊ नये. सिझेरियन शस्त्रक्रिया, रक्तक्षय, पाठदुखी आणि तुटक झोप यांचा परिणाम पुढेही टिकतो. सलग तासिका उभ्याने घेणाऱ्या शिक्षिकेला तो विशेष जाणवतो. प्रसूतीपश्चात नैराश्य पहिल्या वर्षभरात केव्हाही उद्भवू शकते. त्यामुळे वैद्यकीय सल्ला घेताना टाके भरले का एवढेच न विचारता झोप, भूक आणि मनःस्थिती यांविषयीही मोकळेपणाने बोलावे.

बालकाचे पोषण

पहिले सहा महिने केवळ स्तनपान, त्यानंतर पूरक आहारासह दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वर पाहिलेले १२६ दिवस या सहा महिन्यांस पुरत नाहीत. रजा पूर्णतः प्रसूतीनंतर वापरली, तर ती उष्टावणाच्या सुमारास संपते. म्हणजे आहार बदलणे आणि आई दिवसभर दूर जाणे हे दोन बदल बाळाच्या वाट्याला एकाच वेळी येतात. शक्य असल्यास या दोहोंत काही आठवड्यांचे अंतर ठेवावे.

परतल्यावरही स्तनपान सुरू ठेवता येते. काढून ठेवलेले दूध सर्वसाधारण तापमानात सुमारे ४ तास आणि शीतकपाटात ४ दिवसांपर्यंत टिकते. कडक उन्हाळ्यात मात्र ते लगेच थंड जागी ठेवावे. बालक १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दिवसातून दोन स्तनपान विरामांची कायद्यात तरतूद आहे. मात्र महाविद्यालयात आडोशाची स्वच्छ खोलीच नसेल, तर ही तरतूद कागदावरच राहते.

संगोपनाची व्यवस्था

साधारणतः आठव्या-नवव्या महिन्यात बाळ अनोळखी चेहऱ्यास बिचकू लागते व आई दृष्टीआड होताच कासावीस होते. आजी असो, सांभाळणारी बाई असो वा पाळणाघर असो, नव्या व्यक्तीची ओळख रुजू होण्यापूर्वी दोन-तीन आठवडे करून द्यावी. आरंभी एखादा तास, मग अर्धा दिवस, असा क्रम ठेवावा. आजीवर भार टाकताना तिचे वय आणि प्रकृती यांचाही विचार व्हावा.

येथे पित्याचा प्रश्न येतो. २०२४ च्या राष्ट्रीय कालवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर ते करणारे पुरुष ८८ मिनिटे खर्च करतात. ही विषमता तशीच राहिली, तर स्त्री कोणत्याही महिन्यात परतली तरी तिला दोन पाळ्या कराव्या लागतात. आयोगाच्या विनियमांतील १५ दिवसांची पितृत्व रजा अल्प आहे. म्हणून रात्रीचे जागरण, लसीकरण आणि आजारपण यांची वाटणी आधीच ठरवणे अगत्याचे.

संस्थेचे वेळापत्रक

जुलैच्या आरंभी प्रसूती झाली व तेव्हापासून १८० दिवसांची रजा घेतली, तर शिक्षिका जानेवारीच्या सुमारास, चालू सत्रातच परतते. तिच्या तासिका तोवर दुसऱ्यांकडे गेलेल्या असतात. कधी तिला उरलेसुरले काम मिळते, तर कधी साचलेले सर्व काम एकदम येते. विभागप्रमुखांनी महिनाभर आधी तिच्याशी चर्चा करून तासिका सलग न लावता मध्ये विराम ठेवला आणि पहिले काही आठवडे परीक्षेचे व समित्यांचे काम हलके केले, तर त्यास विशेष खर्च येत नाही. पीएच.डी. करणाऱ्या शिक्षिकांनी २०२२ च्या विनियमांतील २४० दिवसांपर्यंतच्या प्रसूती वा बालसंगोपन रजेची तरतूदही लक्षात ठेवावी.

ज्यांना निर्णयाचा अवकाशच नाही

वरील सर्व विवेचन नियमित सेवेतील शिक्षिकेला लागू पडते. तासिका तत्त्वावरील शिक्षिकेची स्थिती वेगळी आहे. तिला घेतलेल्या तासिकेचे मानधन मिळते आणि नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती असते. घरी राहिलेला प्रत्येक दिवस तिच्यासाठी बिनपगारी. शिवाय पुढील वर्षी नेमणूक मिळेल का, ही धास्ती वेगळीच. त्यामुळे ती शरीराने सिद्ध झाल्यावर परतते असे नाही. पुष्कळदा गरज तिला परत आणते.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय मार्गदर्शक आहेत. दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील महिला कामगारांच्या प्रकरणात २००० मध्ये न्यायालयाने रोजंदारीवरील स्त्रियांनाही मातृत्व लाभाचा हक्क मान्य केला. २०२३ मध्ये डॉ. कविता यादव प्रकरणात, पात्रता पूर्ण करणाऱ्या स्त्रीला कराराची मुदत संपल्यानंतरही हा लाभ मिळाला पाहिजे, असे ठरवले. नेमणुकीचे स्वरूप तात्पुरते असले, तरी मातृत्व तात्पुरते नसते, हा या निर्णयांमागील आशय आहे. तो तासिका तत्त्वावरील शिक्षिकांपर्यंत पोहोचावा, यासाठी महाविद्यालये, विद्यापीठे आणि शासन यांनी स्पष्ट धोरण आखणे आवश्यक आहे.

समारोप

सेवेत परतण्याची सर्वांना लागू पडेल अशी एक तारीख सांगता येत नाही. प्रकृती सावरली आहे, बाळाच्या आहाराची घडी बसली आहे, सांभाळणाऱ्या व्यक्तीची त्याला सवय झाली आहे आणि संस्थेने कामाची मांडणी केली आहे, या चार गोष्टी जुळतात ती योग्य वेळ होय. त्यांतील पहिल्या तीन गोष्टी कुटुंब पाहू शकते. चौथी मात्र सहकारी, विभागप्रमुख आणि प्राचार्य या नात्याने आपल्या हाती आहे. आणि पुष्कळदा तिच्यावरच पहिल्या तिन्हींचे यश अवलंबून असते.