बँडचा डेमो घरीच करायचाय? चार ट्रॅकमध्येही काम भागतं!

स्टुडिओचं भाडं तासावर चालतं आणि नव्या बँडचा खिसा तिथेच रिकामा होतो. पण डेमो म्हणजे अल्बम नव्हे. गाणं कसं आहे, एवढं त्यातून कळलं की झालं.

जानेवारी १९८२. अमेरिकी गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनने न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, बेडरूममध्ये बसून, बँडला ऐकवण्यासाठी डेमो केला. सामान काय? चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आणि दोन माइक. पुढे बँडसोबत स्टुडिओत तीच गाणी वाजवून पाहिली, पण कॅसेटमधली मजा येईना. शेवटी घरची कॅसेटच ‘नेब्रास्का’ अल्बम म्हणून बाजारात आली.

आज लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस आणि दोन साधे डायनॅमिक माइक पुरतात. आधी ड्रम : एक माइक किकजवळ, दुसरा ड्रमरच्या डोक्यावर. मग त्यावर बास, गिटार आणि शेवटी गाणं, एकेक करून.

दोन गोष्टी मात्र नंतर सुधारत नाहीत. खोली घुमत असेल तर गाद्या, रजया, जाड पडदे लावा. आणि लेव्हल लाल रंगात जाऊ देऊ नका, फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही!