तोबरा आणि रिकामे पोट

सारोळ्याच्या पुलाखालून नीरा वाहते. पलीकडे सातारा जिल्हा. दिवाळी सरली की फलटण-बारामतीकडचे मेंढपाळ धनगर कोकणाच्या वाटेला लागतात, तेव्हा या पट्ट्यात त्यांची घोडी मी पाहत आलो आहे. भीमथडी जातीची, ठेंगणी. पाठीवर सगळा संसार: वाघर, भांडी, कोंबड्या, कधी लहान लेकरू. लग्नसराईत याच रस्त्याने वरातीची घोडीही टेम्पोतून जातात. दोन्ही कष्टाचीच, पण पोटाची गत निराळी.

घोड्याचे जठर देहाच्या मानाने लहान, फार तर ८ ते १५ लिटरचे. माणसाच्या जठरात जेवणाच्या वेळी आम्लाला जोर येतो. घोड्याच्या जठरात ते अखंड झिरपते, कारण हा प्राणी दिवसाचे पंधरा-सोळा तास चरण्यासाठी घडला आहे. आम्लावर उतारा म्हणजे लाळ, आणि ती चघळतानाच सुटते. जठराच्या खालच्या भागाला चिकट स्रावाचे कवच असते. वरच्या भागाचे अस्तर मात्र अन्ननलिकेच्याच जातीचे, उघडे. पोट रिकामे असताना घोडा पळवला की पोटावरच्या दाबाने आम्ल वर चढते आणि तेथे व्रण पडतात. वैरणीत सहा तासांहून जास्त खंड पडला की हा धोका वाढतो.

धनगराचे घोडे चालता चालता तोंड घालत जाते. वरातीचे घोडे तासन्‌तास दावणीला उभे, मग तोबऱ्यात चंदी. ती लवकर संपते, चघळणे थोडे, लाळ थोडी. त्यातून कोरडे खाद्य हावरटपणे गिळले तर ते अन्ननलिकेत अडकते. घोड्याला ओकता येत नाही, लाळ-चारा नाकातून येतो आणि नळीचे अस्तर सोलवटते. अशा वेळी खाणे-पाणी बंद ठेवून डॉक्टरला बोलवावे. घशात तेल ओतण्याचा गावठी उपाय फुप्फुसावर बेततो.

व्रणाची खूण मात्र पुसट. तंग आवळताना घोडे चावायला येते, चंदी अर्धी टाकते, अंग धरत नाही. मालक म्हणतो, खोडी आहे. आणि चाबूक उचलतो. मला या विषयात सर्वांत जास्त खटकते ते हेच. खात्री करायची तर सुमारे तीन मीटरची दुर्बीण नाकातून जठरात घालावी लागते. वरातीच्या घोड्याच्या नशिबी ती कुठली? औषध आहे, आपल्याच ओळखीचे ओमेप्राझोल. पण ते आठवडेच्या आठवडे द्यावे लागते.

त्यापेक्षा कामाआधी अर्धा तास पेंढीभर कडबा किंवा मूठ-दोन मुठी लसूणघास पुढे टाकावा. जठरात चाऱ्याचा थर बसतो, उसळते आम्ल त्यावर अडते. लसूणघासातले कॅल्शियम ते सौम्यही करते.