गाडीची सर्व्हिसिंग: काय घरी, काय मिस्त्रीकडे, काय शोरूमला?

जुम्म्याच्या नमाजनंतर मस्जिदीबाहेर गाड्या काढताना हा विषय हमखास निघतो. एक जण म्हणतो, "काल शोरूममध्ये सर्व्हिसिंग केली, बाराशेचं बिल झालं." दुसरा लगेच म्हणतो, "काय भाऊ, आपला मिस्त्री निम्म्यात करून देते!" खरे सांगायचे तर दोघेही अर्धे बरोबर असतात. प्रश्न शोरूम की मिस्त्री असा नाहीच. कोणते काम कोणाचे, हा खरा प्रश्न आहे.

आपल्या समाजात कितीतरी घरांची रोजी चाकावर चालते. कोणी फळांचा माल वाहतो, कोणी ऑटो चालवतो, कोणी मूर्तिजापूरहून अकोल्याला किंवा बडनेऱ्याहून अमरावतीला रोज अप-डाऊन करतो. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली. म्हणून हा हिशोब नीट समजून घेऊ या.

वॉरंटीत असेपर्यंत

नव्या गाडीच्या मोफत सर्व्हिसमध्ये फक्त मजुरी माफ असते. तेल आणि सुट्या भागांचे पैसे द्यावेच लागतात. तरीही या सर्व्हिस चुकवू नयेत. ठरलेले किलोमीटर किंवा ठरलेली मुदत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा गाडी न्यावी. एखादी सर्व्हिस राहिली, तर उद्या इंजिनाचा दावा नाकारायला कंपनीला आयते कारण मिळते.

पण "बाहेर हात लावला की सगळी वॉरंटी संपली" हे डोळे झाकून मानू नका. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजला मिळू न देणे, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून संपूर्ण वॉरंटी रद्द करू नये, चुकीच्या कामाने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असेही आयोगाने म्हटले. या आदेशावर कंपन्या कोर्टात गेल्या आणि तो खटला कारचा होता, हे खरे. तरी ग्राहकाचा हक्क कुठल्या दिशेने जातो ते यातून कळते.

घरी काय करता येते?

हवा, चेन, एअर फिल्टर आणि तेलाची पातळी, ही चार कामे कोणालाही जमतात. आपल्या वऱ्हाडातल्या हवामानात ती जास्तच गरजेची आहेत.

अकोल्याचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत जातो. टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. तापलेल्या टायरमध्ये दाब जास्त दाखवतो आणि आपली फसगत होते. काळ्या मातीची धूळ एअर फिल्टरमध्ये बसली की ॲव्हरेज घटतो, म्हणून खेड्यावरच्या कच्च्या रस्त्याने फिरणाऱ्याने फिल्टर लवकर पाहावा. चेनला साधारण ५०० किलोमीटरला तेल द्या, पावसात भिजली तर त्याआधीच.

इंजिन ऑइलही घरी बदलता येते. लिटरचा डबा चारशे-पाचशे रुपयांत मिळतो. मात्र गिअरच्या मोटारसायकलला 'जासो एमए' किंवा 'एमए-२' आणि गिअरलेस स्कूटरला 'जासो एमबी' प्रकारचे तेल लागते. हे डब्याच्या मागे छापलेले असते. कारचे तेल मोटारसायकलमध्ये टाकले तर क्लच घसरू शकतो. किती तेल टाकायचे ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. खालचा बोल्ट जोर लावून आवळू नका. आटे गेले की वाचवलेल्या मजुरीच्या कितीतरी पट खर्च येतो. आणि जळके तेल नालीत ओतू नका. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, तो ड्रममध्ये जमा करतो.

मिस्त्रीचे काम, शोरूमचे काम

ब्रेक, क्लच, बेअरिंग ही कामे ओळखीच्या, हात बसलेल्या मिस्त्रीकडेच द्या. यूट्यूब पाहून ब्रेक खोलणे म्हणजे स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. दुचाकीतही कार्बोरेटरच्या जागी बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले. अशा गाडीचा इंजिनाचा दिवा लागला, तर स्कॅनर असलेल्याकडेच जा. स्कॅनर नसताना अंदाजाने एकेक भाग बदलत गेले तर स्वस्त काम महाग पडते.

शोरूमला गेलात तर कामाआधी जॉब कार्डवर अंदाजे खर्च लिहून घ्या. इंजिन फ्लशिंग, कोटिंग, पॉलिश असे जादा काम पुस्तिकेत नसेल तर "नको" म्हणा. बदललेले जुने भाग परत मागा. बिल घ्याच, ते न देणे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

शेवटी थोडे आपल्याबद्दल

इस्लामने इसराफ, म्हणजे उधळपट्टी, नापसंत केली आहे आणि मापात पाप करणाऱ्यालाही सक्त इशारा दिला आहे. ही शिकवण गिऱ्हाईक आणि मिस्त्री दोघांनाही लागू आहे. न टाकलेल्या तेलाचे पैसे लावणे जसे गैर, तसे घाम गाळणाऱ्या कारागिराशी वीस रुपयांसाठी घासाघीस करणेही बरे नाही.

आपल्या मोहल्ल्यांत पाना हाती घेऊन मोठी झालेली पोरे पुष्कळ आहेत. उस्तादाच्या हाताखालचे शिक्षण मोलाचे आहेच, पण आता त्याला आयटीआयची आणि स्कॅनरची जोड हवी. नाहीतर उद्या इलेक्ट्रिक गाड्या वाढल्या की गिऱ्हाईक शोरूमला जाईल आणि पोरगा रिकामा बसेल. गाडीचे पैसे वाचवू, पण वाचलेल्यातले थोडे या पोरांच्या शिक्षणावरही लावू.