चेनसॉ घेण्यापूर्वी

सागासाठी ओळखल्या जाणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यात, राळेगावसारख्या तालुक्यात शेतात साग राखणाऱ्यांपुढे विरळणीच्या वेळी प्रश्न उभा राहतो : चेनसॉ यंत्र कोणते घ्यावे? मोठे तेच चांगले, हा समज घातक ठरू शकतो.

आधी झाडाचा घेर मोजावा. ९० सेंटिमीटर घेराच्या सागाचा व्यास सुमारे २९ सेंटिमीटर भरतो. त्याला १४ ते १६ इंची पाते आणि ४० ते ४५ सीसीचे इंजिन पुरते. पाते जितके लांब, तितके यंत्र आवरण्यास कठीण. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागल्यास यंत्र क्षणार्धात चालवणाऱ्याच्या अंगावर उसळते. म्हणून साखळी थांबवणारा ब्रेक नसलेले यंत्र स्वस्त असले तरी घेऊ नये.

सागाच्या लाकडात सिलिका असल्याने साखळी लवकर बोथट होते. ढलप्यांऐवजी बारीक भुसा पडू लागला, की कानशीने धार लावावी. हेल्मेट, चष्मा व पायांच्या संरक्षक कपड्यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरावा.

साग स्वतःच्या शेतातला असला, तरी वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या राज्याच्या १९६४ च्या कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. ती हाती आल्यावरच यंत्र सुरू करावे.