आग पेटवायचा हुकूम पाण्याचा

अकोल्याच्या उन्हाळ्याची बातमी होते, थंडीची होत नाही. पण पौषातल्या पहाटे जुन्या शहरात अंगाला झोंबणारा गारठा असतो आणि गॅस गिझरच्या मिस्त्र्यांचे फोन उजाडायच्या आत वाजू लागतात. तक्रार ठरलेली: गिझर पेटत नाही.

राजराजेश्वर मंदिराजवळच्या एका बोळीत असं काम मी जवळून पाहिलं. मिस्त्रीने आल्याआल्या पेचकस काढला नाही. आधी न्हाणीघराची खिडकी उघडली, गॅसचा वास घेतला, मग नळ सोडून कान दिला. टकटक नाही. घरच्या काकू सिलिंडर बदलायच्या बेतात होत्या. तो म्हणाला, "काकू, गॅसले काही नाही झालं. पानी पाहू पह्यले."

या गिझरला काडी लागत नाही. पाणी वाहू लागलं की त्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, पडद्याची पिन मायक्रोस्विच दाबते, मग दोन जाड्या सेलवर ठिणगी पडू लागते आणि गॅसचा सोलेनॉइड उघडतो. पाणी नेटाने आलं नाही, तर भरलेलं सिलिंडरही कामाचं नाही.

सेलच्या पत्र्यावर पांढरी बुरशी चढली होती. ती पॉलिश पेपरने घासून नवे सेल घातले, तरी सगळं शांत. मग पाण्याची नळी सोडवली. तोंडाशी नखाएवढी जाळी, तीही क्षाराने जवळजवळ बुजलेली. दुखणं इथं होतं. जिल्ह्याचा मोठा भाग पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात येतो. शहराला महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी मिळतं, पण नळ रोज येत नाही, आणि मधल्या दिवसांत टाकीत बोअरचं पाणी चढतं. त्यातून टाकी न्हाणीघराच्या डोक्यावरच. टाकी १० मीटर उंच असेल तेव्हा कुठे १ बार दाब मिळतो. इथे तर जेमतेम पुरुषभर उंची. जाळी बुजली की एवढासा दाबही संपतो.

लिंबूसत्त्वाच्या पाण्यात जाळी फसफसली, साफ झाली. नळ सोडताच टकटक सुरू झाली, ज्वाळा भपकन आली आणि काही सेकंदांत विझली. आता त्याने ज्वाळेत राहणारी सेन्सरची दांडी पाहिली. काजळी धरली, की यंत्राला ज्वाळा 'दिसत' नाही आणि ते गॅस बंद करतं. ही त्याची चूक नव्हे, तेच त्याचं काम. दांडी हलक्या हाताने पुसल्यावर निळी ज्वाळा टिकली.

काही जण कटकट नको म्हणून सुरक्षेच्या वायरी सरळ जोडून देतात. हा प्रकार मला भयंकर वाटतो. एलपीजी गळाली तर मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा वास सावध करतो. बंद खोलीत अर्धवट जळालेल्या गॅसमधून येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग नाही, वास नाही. आंघोळीला बसलेल्या माणसाला गुंगी येते, आणि कडी आतून लावलेली असते.

म्हणून गिझर चालू झाल्यावरही मिस्त्री निघाला नाही. भिंतीवर बोट ठेवून म्हणाला, "याले बाहेर गच्चीकडं घ्या, काकू. आतमंदी फक्त गरम पान्याची नळी राहू द्या." काकूंनी पाइप किती लागेल ते विचारलं. त्याने वितीने भिंत मोजायला घेतली.